एकच काठ, एकच चौकट : तळ्यांची आणि नद्यांची सामुदायिक फोटो-नोंद

काठवाट (धागाकर्ता)

तळ्याकाठी गेलं की फोटो निघतोच. पण पाच वर्षांनी कोणी विचारलं की इथला काठ किती आत सरकला, जलपर्णी नक्की कुठल्या बाजूने शिरली, हा नाला आधीपासून इथे मिळत होता का, तर हजार फोटोंतला एकही धड उत्तर देत नाही. प्रत्येकाची जागा वेगळी, उंची वेगळी, झूम वेगळा. आठ-दहा जणांनी मिळून एखाद्या तळ्याची किंवा नदीच्या एका पट्ट्याची नोंद वर्षानुवर्षं कशी ठेवायची, याची पक्की माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

गाभा साधा आहे : एकच जागा, एकच चौकट, पुन्हा पुन्हा. पद्धत जुनी आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी आल्प्समधल्या हिमनद्या अशाच ठरावीक जागांवरून टिपायला घेतल्या. अलीकडचं उदाहरण म्हणजे कोस्टस्नॅप. २०१७ साली सिडनीच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर पोलादी पकड बसवली, शेजारी सूचनेची पाटी लावली. येणारा-जाणारा त्या पकडीत फोन ठेवतो, फोटो काढतो, पाठवतो. फोन शेकडो लोकांचे, पण चौकट एक. त्यावरून वाळूचा किनारा किती पुढे-मागे झाला हे मोजता येतं. तळ्याला तर भरती-ओहोटीचा हिशेबही करावा लागत नाही.

जागा निवडताना घाई करू नका, कारण ती नंतर बदलणं महागात पडतं. पाण्याच्या पातळीपेक्षा दोन-तीन मीटर उंच अशी जागा हवी : पूल, घाटाची वरची पायरी, बंधाऱ्याचा माथा. पुरातही तिथे सुरक्षित उभं राहता आलं पाहिजे. काठ चौकटीत समोरून आडवा नको, तिरका लांब जाणारा हवा. समोरून बघितलं तर दहा मीटर पाणी ओसरलं तरी फोटोत बोटभर फरक दिसतो, तिरकं बघितलं तर तोच फरक ठळक होतो. चौकटीत न हलणाऱ्या निदान चार खुणा हव्यात आणि त्या एका रेषेत नकोत : पुलाचा खांब, इमारतीचा कोपरा, मोठा खडक. झाड खूण म्हणून धरू नका. ते वाढतं, तोडलं जातं, वाऱ्यात हलतं. आकाश चौकटीच्या पाव भागाहून जास्त नको, नाहीतर फोन आकाशाचा उजेड धरतो आणि पाणी काळं पडतं. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेली जागा मिळाली तर उत्तम, वर्षातला बहुतेक काळ सूर्य पाठीशी राहतो.

एका तळ्याला तीन ते पाच जागा पुरतात. पाणी आत येतं तिथे एक, सांडव्यापाशी एक, आणि सगळ्यात उथळ काठावर एक, कारण बदल तिथे आधी दिसतो. नदीला नेहमी जोडी ठेवा : नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक. नुसत्या खालच्या अंगाच्या फोटोवर "पाणी मुळातच तसं येतं" असं म्हणता येतं. जोडी असली की ते म्हणता येत नाही.

पाणकणीस

धागा हवाच होता. पकडीबद्दल थोडं. पोलाद परवडलं नाही तरी अडत नाही. एल आकाराचा ॲल्युमिनियमचा अँगल घ्या, लांबी वीस सेंटीमीटर, दोन्ही बाजू पाच-पाच सेंटीमीटर. आडवी बाजू थोडी पुढे झुकती ठेवून कठड्याला दोन बोल्टनी बसवा. फोन त्यावर आडवा ठेवायचा आणि पाठ उभ्या बाजूला टेकवायची. उभी बाजू पाच सेंटीमीटरच ठेवण्याचं कारण असं की त्याहून उंच झाली तर फोनची लेन्स झाकली जाते. वेगवेगळ्या फोनची लेन्स दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे असते. पन्नास मीटरवरच्या काठाला त्याने काही बिघडत नाही, पण कठड्याची सळई चौकटीत आली तर ती प्रत्येक फोटोत उड्या मारताना दिसते. म्हणून जवळची कुठलीही वस्तू चौकटीत नको.

बोल्ट मारण्याआधी पूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. परवानगी मिळत नसेल तर दगडावर रंगाने पावलांची खूण करा आणि "समोरच्या खांबाची वरची कड चौकटीच्या डाव्या कोपऱ्याला लावा" असा नियम ठेवा. एवढ्यानेही काम चालतं, फक्त फोटो नंतर एकावर एक बसवायला जास्त वेळ जातो.

पाटीवर तीनच ओळी लिहा : फोन आडवा टेकवा. झूम करू नका. फोटो या पत्त्यावर पाठवा. माहिती लांबली की लोक वाचत नाहीत आणि फोटोही काढत नाहीत.

निवळशंख

फोनच्या सेटिंगबद्दल कडक राहा. मुख्य लेन्स, म्हणजे जिथे १एक्स दिसतं ती. ०.५ वाली रुंद लेन्स कडांना वाकवते, काठ कमानीसारखा दिसतो आणि त्यावर केलेलं मोजमाप फुकट जातं. पॅनोरमा बंद. फिल्टर बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दृश्य ओळखून रंग "सुधारणारी" जी सोय बऱ्याच फोनमध्ये आपोआप चालू असते ती बंद करा. फोनला पाणी ओळखू आलं की तो ते निळं करतो आणि काठावरचं वाळकं गवत हिरवं करतो. आपल्याला पाण्याचा खरा मळकट रंगच हवा असतो आणि नेमका तोच पुसला जातो.

लोकेशन चालू, तारीख-वेळ नेटवर्कवरून आपोआप घेणारी, आणि लेन्स पुसलेली. हसू नका, धुरकट फोटोंचं सगळ्यात मोठं कारण लेन्सवरचा बोटाचा डाग हेच असतं.

भिंगरी

माहितीपूर्ण धागा. किती वेळा काढायचा फोटो? महिन्यातून एकदा पुरेल का?

काठवाट

@भिंगरी, काय शोधताय त्यावर आहे. गाळ साचणं, काठ ढासळणं, बांधकाम पुढे सरकणं यांना महिना पुरेल. जलपर्णीला पुरत नाही. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांच्या आत-बाहेर दुप्पट होते. महिन्याने फोटो काढलात तर कोपऱ्यातला ठिपका आणि निम्मं तळं यांच्यामधली पायरी नोंदीत येतच नाही, आणि हाताने उपसून काढायची वेळ तीच असते. आठवड्यातून एकदा ठेवा, शिवाय मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी एक जास्तीचा.

वेळ सकाळी आठ ते दहा. वारा पडलेला असतो आणि पाणी आरशासारखं नसलं तरी शांत असतं. आणखी एक कारण आहे. निळं-हिरवं शेवाळ (सायनोबॅक्टेरिया) पेशींमधल्या वायूच्या पोकळ्यांच्या बळावर वर तरंगतं, आणि शांत सकाळी त्याचा थर पृष्ठभागावर स्पष्ट दिसतो. दुपारी वारा सुटला की तोच थर ढवळून पाण्यात मिसळतो किंवा एका काठाला जाऊन साचतो. त्यामुळे फोटोसोबत वाऱ्याची दिशा लिहा. "पूर्व काठ हिरवा झाला" याचा अर्थ बऱ्याचदा पूर्व काठाला प्रदूषण आहे असा नसतो, वारा पश्चिमेकडून होता इतकाच असतो.

डोह

पाण्याच्या रंगाबद्दल लिहितो, कारण तिथे सर्वाधिक गोंधळ होतो. काठावर उभं राहून समोर बघितलं की जे दिसतं त्यात पाणी कमी आणि आकाशाचं प्रतिबिंब जास्त असतं. ढगाळ दिवशी तेच तळं राखाडी, निरभ्र दिवशी निळं. असे दोन फोटो शेजारी ठेवून पाणी सुधारलं असं म्हणता येत नाही.

रंगासाठी वेगळा फोटो काढा. पाण्याचा रंग मोजणारे शास्त्रज्ञ जो कोन वापरतात तोच वापरता येतो : सरळ खाली बघण्यापासून सुमारे ४० अंश वर, आणि सूर्याच्या दिशेपासून आडवं १३५ अंश वळलेलं. म्हणजे सूर्य पाठीमागे तिरका, एका खांद्याच्या मागे. अगदी पाठीशी घेतला तर आपलीच सावली पाण्यात पडते, समोर घेतला तर चकाकी येते. फोटोत तळ दिसेल अशी उथळ जागा नको, नाहीतर पाण्याऐवजी चिखलाचा रंग नोंदला जातो. त्याच उजेडात १८ टक्के राखाडी कार्डाचा एक फोटो घ्या, नंतर रंगाचा तोल त्यावरून साधता येतो.

रंगाला नाव द्यायला फोरेल-उले पट्टी आहे, १ ते २१ आकडे, गडद निळ्यापासून तपकिरीपर्यंत. फोरेल यांनी १८९० च्या आसपास जिनिव्हा सरोवराच्या अभ्यासातून ती सुरू केली, पुढे उले यांनी तपकिरी छटा वाढवल्या. "हिरवट" हा शब्द चार जण चार अर्थांनी वापरतात, "१४" हा आकडा सगळे सारखाच वाचतात.

पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावणाऱ्यांसाठी : पाण्यावरची चकाकी सगळ्यात जास्त कापली जाते ती नजरेची रेषा पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांवर असताना. पाण्याखालची वनस्पती किंवा माशांची विणीची जागा दाखवायला हे अप्रतिम आहे. ठरावीक चौकटीच्या फोटोला मात्र पोलरायझर नको. त्याची फिरकी दर वेळी थोडी वेगळी बसते आणि आठवड्यागणिक पाणी उगाच बदलल्यासारखं दिसतं.

पाणकणीस

@डोह, याला सेक्की चकतीची जोड द्या. १८६५ साली इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी ती समुद्रात वापरली, आणि आजही तळ्याची पारदर्शकता मोजायला याहून स्वस्त साधन नाही. २० सेंटीमीटर व्यासाची चकती, चार भाग, आलटून पालटून काळा आणि पांढरा, रंग चकाकी नसलेला. मधोमध भोक, खाली अर्धा-पाऊण किलो वजन, नाहीतर ती तिरकी तरंगत जाते. न ताणणारी दोरी घ्या आणि दर दहा सेंटीमीटरला खूण करा. सुती दोरी भिजली की लांबी बदलते, ती नको.

होडीतून किंवा धक्क्यावरून, सावलीच्या बाजूने, गॉगल काढून चकती खाली सोडा. दिसेनाशी झाली की खोली वाचा. थोडी आणखी सोडून वर ओढत या, पुन्हा दिसली की वाचा. दोन्हींची सरासरी घ्या. फोटो चकतीचा नको, पाण्याला टेकलेल्या दोरीच्या खुणेचा घ्या, नंतर आकड्यावर वाद होत नाही. वाहत्या नदीत हे साधत नाही, चकती प्रवाहाबरोबर जाते.

चतुर

नोंदीत सर्वाधिक खोटे इशारे कशावरून येतात त्याबद्दल. प्रदूषणासारखं दिसणारं सगळंच प्रदूषण नसतं, आणि दोन चुकीच्या तक्रारी गेल्या की तिसरी खरी तक्रारही कोणी गांभीर्याने घेत नाही.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने हलकेच मध्ये टोचा. तो काचेसारखा तडकून वेड्यावाकड्या तुकड्यांत फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले तर ते लोहजीवाणूंचं काम आहे, बऱ्याचदा शेजारी गंजाच्या रंगाचा मऊ गाळही असतो. तेल असेल तर काडी काढताच तवंग वळसे घेत पुन्हा एकसंध होतो. याचा व्हिडिओच घ्या, दहा सेकंदांचा पुरे. फोटोत हा फरक दिसत नाही.

फेस : बंधाऱ्याखाली, पानं कुजलेल्या पाण्यावर, नैसर्गिक फेस येतो. तो मळकट पिवळसर असतो, मातीचा वास येतो. साबणाचा फेस पांढराशुभ्र असतो, वास सुगंधी असतो, आणि मागोवा घेतला तर बहुतेक वेळा एखाद्या पाइपापाशी किंवा नाल्यापाशी पोचतो. फोटो फेसाचा आणि त्या उगमाचा असे दोन्ही हवेत.

हिरवा थर : जवळून बघा. दोन-पाच मिलिमीटरची सुटी इवलीशी पानं आणि खाली केसाएवढं मूळ असेल तर ती डकवीड. लालसर मखमली गालिचा असेल तर तो बहुधा ॲझोला, कडक उन्हात तो लाल पडतो, गटाराचं पाणी नव्हे. काडीवर हिरवे केस लोंबले तर तंतुशेवाळ. काडी रंगात बुडवल्यासारखी माखली आणि उचलण्यासारखं काहीच हाती आलं नाही, तर निळ्या-हिरव्या शेवाळाचा संशय घ्या. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. हातमोजे घाला, पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना पाणी पिऊ देऊ नका.

खात्रीसाठी बरणीची चाचणी : पारदर्शक बरणी पृष्ठभागाखालून तीन चतुर्थांश भरा, झाकण लावा, रात्रभर न हलवता फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी हिरवं वर येऊन थर झाला असेल तर निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता मोठी. तळाशी बसलं असेल तर बहुधा साधं शेवाळ. बरणी काठोकाठ भरू नका, आतला वायू साचून फुटू शकते. यावरून विष आहे की नाही हे कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं.

एक गोष्ट मात्र दिसली की सोडू नका. ओढ्याच्या दगडांवर, काड्यांवर, राखाडी-पांढरी कापसासारखी लव, प्रवाहात शेपट्यांसारखी हलणारी. तिला सांडपाण्याची बुरशी म्हणतात, प्रत्यक्षात तो मुख्यतः जीवाणूंचा पुंजका असतो. ती असली की कुजणारं सेंद्रिय पाणी नियमित येतंय हे जवळजवळ नक्की, मग त्या क्षणी नाल्याचं पाणी स्वच्छ का दिसेना. पाणी रात्री सोडलं जात असेल तरी लव दिवसा तिथेच असते.

भिंगरी

@चतुर, फार उपयुक्त प्रतिसाद. किड्यांवरूनही पाण्याची प्रत कळते म्हणतात, त्याचे फोटो कसे घ्यावेत?

चतुर

पांढरा पसरट ट्रे, त्यात त्याच ठिकाणचं दोन बोटं पाणी. प्रवाहातला दगड हळूच उचला आणि खालची बाजू ट्रेवर मऊ ब्रशने झटका. ट्रेच्या कडेला मिलिमीटरची पट्टी चिकटवून ठेवा, मोजमापाशिवाय अळी ओळखणं अवघड जातं. फोन सरळ वरून, ट्रे सावलीत.

दोन शेपट्या आणि पायांना दोन-दोन नख्या : स्टोनफ्लाय, स्वच्छ, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला. बहुतेक वेळा तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणाऱ्या पानांसारखे कल्ले : मेफ्लाय. हे कल्ले जवळून बघण्यासारखे असतात. पाणी स्थिर झालं की एकामागून एक लाट गेल्यासारखे हलतात, स्वतःच स्वतःभोवती प्रवाह तयार करतात. आणि लालभडक अळ्या भरपूर, बाकी काहीच नाही, असं असेल तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, म्हणूनच त्या तिथे तग धरतात. फोटो झाला की दोन-तीन मिनिटांत किडे आणि दगड होते तिथेच परत ठेवा, दगड पालथा असेल तर पालथाच.

निवळशंख

आता फाइलींबद्दल, कारण निम्मी नोंद इथे वाया जाते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यात दडलेली वेळ, अक्षांश-रेखांश, लेन्स ही माहिती निघून जाते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एवढा एकच नियम गटाच्या वर्णनात सगळ्यात वर लिहा.

नाव असं द्या : २०२५-०३-१४_०८४०_सांडवा_उत्तर. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं केलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. मूळ फाइलला कधीच हात लावायचा नाही, कापणं-उजळणं सगळं प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या इमारतीत. तक्रारीसाठी वापरायचा फोटो असेल तर मूळ फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलवरून निघणारी आकडे-अक्षरांची ओळ, फाइल जराही बदलली की ती बदलते) काढून त्याच दिवशी गटात टाका. पुढे कोणी म्हणालं की फोटो बदलला आहे, तर ठसा पुन्हा काढून दाखवता येतो.

तारीख किती महत्त्वाची याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या कायाहोगा नदीचं. २२ जून १९६९ रोजी क्लीव्हलंडमध्ये नदीवरचं तेल पेटलं. आग थोड्याच वेळात विझली आणि पेटलेल्या नदीचा त्या दिवशीचा फोटो कोणाकडेच नव्हता. टाइम साप्ताहिकाने बातमीसोबत जो फोटो छापला तो १९५२ च्या आगीचा होता, आणि लोकांच्या मनात १९६९ ची आग म्हणून तोच बसला. नदी खरोखर पेटत होती, वारंवार पेटत होती, म्हणून त्या चित्राने चांगलंच घडलं. पण आज कोणी जुना फोटो नव्या तारखेने टाकला, तर उघडकीला आल्यावर सगळी नोंद संशयात जाते.

डोह

इथवर सगळं मोजमाप आणि पुरावे झाले. ते लागतंच. पण नुसते फेस, कचरा आणि मेलेले मासे वर्षभर दाखवत राहिलं तर लोक त्या पाण्याकडे पाठ फिरवतात. "ते गटार आहे" असं एकदा मनाने घेतलं की त्यावर भिंत घालायलाही कोणी हरकत घेत नाही. सौंदर्याचा फोटो हा नोंदीचा अर्धा भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाचं उदाहरण बघा. पेडर सरोवर धरणात जाणार होतं तेव्हा छायाचित्रकार ओलेगास ट्रुखानास होबार्टच्या टाउन हॉलमध्ये त्याच्या पारदर्शिका दाखवत, सभागृह भरून जाई. १९६७ च्या वणव्यात त्यांचं घर आणि चित्रांचा संग्रह जळाला, तरी त्यांनी पुन्हा फोटो काढायला घेतले. १९७२ मध्ये गॉर्डन नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी सरोवरही बुडालं. पण त्यांच्याकडून शिकलेले पीटर डोम्ब्रोव्हस्किस यांनी १९७९ साली फ्रँकलिन नदीच्या एका वळणावरचं सकाळचं धुकं टिपलं. १९८३ च्या निवडणुकीत तो फोटो वर्तमानपत्रांत जाहिरात म्हणून छापला गेला, आणि १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या निकालाने फ्रँकलिनवरचं धरण थांबलं. त्या फोटोत धरण नाही, यंत्र नाही, कोणाचा निषेध नाही. धुकं, खडक आणि वळण घेणारं काळसर पाणी आहे, एवढंच.

म्हणून सूचना : ज्या जागेवरून ठरावीक चौकट घेता, तिथूनच दर आठवड्याला एक मोकळा फोटोही घ्या. पाणकावळा पंख वाळवतोय, पहाटे पाण्यावरून वाफ सरकतेय, टाचणीची (चतुरासारखा बारीक कीटक) जोडी कमळाच्या देठावर बसलीय. प्रदर्शन लावताना दोन्ही शेजारी लावा, खाली जागा आणि तारीख. ज्या काठावर टाचणी बसते त्याच काठावर नाला मिळतो, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

पाणकणीस

@डोह यांच्याशी सहमत, एक भर घालून. पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो टाकताना जागा सांगू नका, घरट्यावर ड्रोन उडवू नका. वसाहतीवर ड्रोन गेला की मोठे पक्षी उठतात आणि तेवढ्या वेळात अंडी उन्हात तापतात किंवा कावळे नेतात. दुर्मीळ जातींचं ठिकाण आय-नॅचरलिस्टवर (निसर्गनोंदी टाकायचं संकेतस्थळ) आपोआप धूसर होतं, पण फोटोत मागे ओळखीचा पूल दिसत असेल तर त्याचा काय उपयोग? काठावर अंघोळ करणारे, कपडे धुणारे, मुलं यांचे चेहरे संमतीशिवाय नकोत. पाण्याजवळ रोज असणारी माणसं हीच असतात. ती आपल्यावर रुसली तर नोंदीचे सर्वोत्तम डोळे गेले.

काठवाट

तक्रारीसोबत जोडायचे फोटो कसे हवेत ते लिहून ठेवतो. तीन अंतरांवरून : लांबून, ओळखीची खूण दिसेल असा. मधून, पाइप आणि काठ दोन्ही दिसतील असा. जवळून, पाइपाच्या तोंडाशी मोजपट्टी धरून. पाइपाचा व्यास आणि पाणी पाइपात किती भरून वाहतंय, या दोन गोष्टी अधिकाऱ्याला प्रवाहाचा अंदाज देतात. अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत लिहा, पाचवं स्थळ सुमारे एक मीटर दाखवतं. फोनची जागा स्वतःच काही मीटर चुकते, त्यामुळे त्याहून जास्त आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

फोटोत जे दिसतं तेवढंच लिहा. "तपकिरी पाणी, आंबूस वास, सकाळी ७.१०, सलग वीस मिनिटं." "विषारी रसायन" लिहू नका, फोटोत रसायन दिसत नाही आणि त्या एका शब्दावर बाकीचं खरं वर्णनही खोडलं जातं. मासे मेले असतील तर लगेच जा. दहा मीटर काठ मोजून तेवढ्यातले मासे मोजा, जातीप्रमाणे फोटो घ्या, जिवंत मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेत असतील तर त्याचा व्हिडिओ घ्या. पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो, म्हणून हे दृश्य पहाटेच दिसतं आणि नऊ वाजेपर्यंत संपलेलं असतं. धरणाखालच्या पात्रात मात्र एकट्याने उतरू नका, पाणी अचानक सोडलं जातं.

निवळशंख

फोटो एकावर एक बसवायला हगिन हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. दोन्ही फोटोंत त्याच चार न हलणाऱ्या खुणा दाखवल्या की ते दुसरा फोटो पहिल्यावर ताणून बसवतं. जलपर्णी किती टक्के, हे मोजायला चौकटीवर दहा बाय दहा जाळी टाका आणि भरलेली घरं मोजा. पण लक्षात असू द्या, जवळचं घर म्हणजे काही चौरस मीटर आणि लांबचं घर म्हणजे त्याच्या कित्येक पट. त्यामुळे "तळं ४० टक्के झाकलं" असं यावरून म्हणता येत नाही, "याच चौकटीत २५ घरांची ४० झाली" एवढंच म्हणता येतं.

खरं क्षेत्रफळ हवं असेल तर सेंटिनेल-२ ची उपग्रहचित्रं मोफत मिळतात, १० मीटरचा ठिपका (पिक्सेल), दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी. जुना काळ बघायचा तर लँडसॅट, १९८० च्या दशकापासून ३० मीटरचा ठिपका. ढग असले की दोन्ही आंधळे, आणि तीन मीटरचा नाला दोन्हींत दिसत नाही. तिथे काठावरचा फोनच लागतो.

भिंगरी

शेवटचा प्रश्न. ठरवलेल्या जागेसमोर झाड वाढलं किंवा पुलाचं काम निघालं तर काय करायचं? तोवरची नोंद फुकट का?

काठवाट

फुकट नाही, पण वेळीच हालचाल हवी. चौकटीचा साधारण पाचवा भाग झाकला गेला की नवी जागा शोधायला घ्या, पूर्ण झाकेपर्यंत थांबू नका. नवी जागा अशी निवडा की जुन्या चार खुणांपैकी निदान दोन तिथूनही दिसतील. मग तीन महिने दोन्ही जागांवरून, त्याच सकाळी, पाठोपाठ फोटो घ्या. त्या तीन महिन्यांत पाण्याची पातळी निदान एकदा तरी बदललेली असावी, म्हणजे जुन्या चौकटीतला काठ नव्या चौकटीत कुठे येतो हे दोन पातळ्यांवर जुळवता येतं. नव्या जागेला नवं नाव द्या, जुनंच नाव पुढे चालवू नका. जुन्या फोल्डरमध्ये एक छोटी टिपणाची फाइल ठेवा : जागा कधी बंद केली, का, आणि पुढची नोंद कुठल्या नावाखाली आहे.

झाड मात्र तोडू नका.